हिराकसाचं पाणी

पितळी परात सोप्याच्या मधोमध मांडली गेली तेव्हा भामाबाईंना पहिल्यांदा वाटलं, हे आता थांबवायला हवं. पण परात त्यांनीच घासून दिली होती. घासताना त्या गप्प राहिल्या, आणि आता तोंड उघडावं तर नणंद, मनुबाई, विचारणार, वैनीला एवढी कसली धास्ती पडली?

त्यांच्या नवऱ्यानं, नानासोंनी, हिराकसाचे चार खडे परातीत टाकले. जुने, पिवळे पडलेले खडे. ते हळूहळू विरघळले, आणि पाणी असं फिक्कट झालं की अनोळखी माणसाला वाटावं, पाहुण्याचे पाय धुवायला ठेवलंय.

निकमांच्या घरात मात्र त्या पाण्याला सगळे ओळखून होते. महाबळेश्वराखालच्या रानातला हिरडा तीन पिढ्या कोरेगावच्या या वखारीत येत होता, वाळत होता, निवडून पोत्यात भरला जात होता आणि आगगाडीनं मद्रासकडे जात होता. तिकडे त्याच्या रसात कातडी मुरवत. मुरलेलं कातडं कुजत नाही, पाण्यानं सडत नाही. लढाई लागल्यापासून पलटणीच्या बुटांना कातडं पुरेना, आणि निकमांचा हिरडा वखारीत टिकेना. धाकटा भाऊ नाथाजी पलटणीतून सुट्टीवर आला की उंबऱ्याशी बूट काढायचा आणि नानासो थोरलेपणानं हसायचे, "आपला हिरडा घरला आला रं!"

पण हिरडा जनावराच्या कातड्यात मुरतो तसाच माणसाच्याही. हात धुतले तरी त्याचा तुरटपणा कातडीत राहतो, दिसत मात्र नाही. तो हात हिराकसाच्या पाण्यात घालावा, की काळाकुळकुळीत होऊन वर येतो. बायका याच दोन जिनसांचं दातवण करत आल्या, वखारीतले कारकून शाई करत आले. आणि नानासोंच्या आजोबांनी म्हणे असंच पाणी मांडून एक चोर धरला होता. ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की चोराचं नाव दर खेपेला निराळं निघालं तरी कुणाला काही वाटत नसे.

आज चोर घरातलाच असणार होता. तसं नसतं तर परात मांडायचं कारणच नव्हतं.

सासूबाईंनी जाताना आपली बोरमाळ धाकट्या सुनेला, बनूला, दिली होती. पण बेचाळीसनंतर मुलखात कुणाच्या घराची झडती कधी होईल आणि कुणाच्या घरावर दरोडा कधी पडेल याचा नेम राहिला नव्हता. म्हणून नानासोंनी सुचवलं आणि भामाबाईंनी ती माळ फडक्यात बांधून वखारीतल्या तळच्या पोत्यात, हिरड्यांच्या पोटात, दडवली. हे ठाऊक पाचच जणांना: दोघं भाऊ, दोघी जावा आणि मनुबाई. आज सकाळी नाथाजी म्हणाला, परवा पुतणीच्या, साळूच्या, लग्नात बनूनं ती घालावी, मग मी माझ्या डोळ्यांनी बघून कामावर जाईन. वखार तर लग्नाच्या गडबडीत आठवडाभर बंदच होती, किल्ली देवळीत. केरबा गड्यानं सगळ्यांदेखत पोतं आणून, एका बाजूनं उसवून अंगणात ओतलं. हिरडे गडगडत तुळशीपर्यंत गेले. फडकं नव्हतं, माळ नव्हती.

परातीची आठवण काढली ती मनुबाईंनी. भामाबाईंच्या या नणंदेला आष्ट्यात दिलेलं होतं, आणि साळूचा नवरा मुलगा मनुबाईंच्याच दिराचा. म्हणजे त्या या लग्नात दोन्हीकडच्या होत्या, आणि ज्या वेळी ज्या बाजूला मान जास्त, त्या वेळी त्या बाजूला बसत.

"आठ दिस वखारीत कुणी गेलं न्हाई म्हनता न्हवं? मग हात सगळ्यांचं कोरं निघाय पायजेत," त्या म्हणाल्या होत्या. "आज्यानं केलं तसं करा की."

"करू," नानासो म्हणाले होते. अगदी सहज. जेवायला पान मांडू म्हणावं तसं.

"आधी मी," नाथाजीनं बाही सारली. "आमची पलटणीत उठता-बसता झडती हुती. सवय हाय." त्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि वर काढून सगळ्यांसमोर धरले. कोरे.

"आक्का, तू," तो बहिणीला म्हणाला.

"मी म्हायेराला आलीया का चावडीवर?" मनुबाई फणकारल्या. परात आपणच मांडायला लावली हे त्यांना सोयीनं विसरता येत असे. हात वर आले तेव्हा उजव्या तीन बोटांच्या टोकांवर काळपट सावली उतरली होती.

"सुपारी हाय ही!" त्या ओरडल्या. "सकाळधरनं अडकित्ता हातात हाय माझ्या, भिजल्याली सुपारी कातरतीया. आष्ट्याची मानसं येनार म्हणून!"

"सुपारीचंच असंल," नानासो लगेच म्हणाले. "तुरट म्हणून जे जे काय हाय ते काळंच हुतंय ह्या पाण्यात. फुडं चला."

नवऱ्यानं एवढ्या झटकन कुणाला माफ केलेलं भामाबाईंनी चोवीस वर्षांच्या संसारात पाहिलं नव्हतं. आष्ट्याचं नातं म्हणून असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी आपले हात बुडवले. इतके स्वच्छ निघाले की त्यांना स्वतःचाच जरासा संशय आला.

मग बनू आली. गेले चार दिवस ती अशीच भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. चौथा महिना लागलेला, म्हणून कुणी तिला जड कामाला लावत नव्हतं. तिनं पदराखालून हात काढले, पाण्यात ठेवले आणि उगाच डोळे मिटले.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग नखांच्या कडा उठल्या. मग तळव्यावरच्या रेषा कुणी शाईनं ओढल्यासारख्या दिसू लागल्या, आणि बघता बघता दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झाले.

"आगं बया बया बया!" मनुबाई मागं सरकल्या.

नाथाजी बायकोच्या हातांकडे पाहत राहिला. भामाबाईंची नजर मात्र नवऱ्यावर गेली. का गेली ते त्यांना सांगता आलं नसतं. नानासोंचा चेहरा पडला होता. चोर सापडलेल्या माणसाचा चेहरा असा पडत नाही. होऊ न शकणारी गोष्ट डोळ्यांदेखत झाली की पडतो.

"बने, काय ह्ये?" नाथाजीनं विचारलं.

बनूनं हात पदराखाली ओढून घेतले.

"तिची माळ ती चोरंल कशाला, असं म्हनशील तू," मनुबाई नाथाजीला म्हणाल्या. "आरं, तिला वाटलं असंल, साळूच्या अंगावर जाती का काय आपली माळ! म्हणून आधीच उचलली. म्हायेरला धाडली बी असंल."

"आक्का, तू गप बस."

"मी गप बसते की. हातच बोलत्यात तिचं."

"हिला आत न्ह्या," नानासो भामाबाईंकडे न बघता म्हणाले. "हात धुवा म्हणावं."

नाथाजी त्यावर काही बोलला नाही. तो बोलला नाही हे बनूनं ऐकलं, आणि तिच्या मागून चालताना भामाबाईंना ते तिच्या पाठीवर दिसलं.

स्वयंपाकघराचं मागलं दार त्यांनी लोटून घेतलं. खरं सांगायचं तर बनूवर पहिला संशय भामाबाईंचाच होता. माळ गेली हे कळताक्षणी त्यांना आठवली होती चार दिवसांमागची पहाट: परसातल्या पेरूच्या बुडाशी बनू वाकून खुरप्यानं माती ओढत होती. सकाळपासून त्या दोनदा पेरूपर्यंत जाऊन आल्या होत्या. केरबाला उकरायला सांगावं, की लग्न पार पडू द्यावं, एवढंच ठरत नव्हतं.

"बनू, मी आरडाओरडा करनार न्हाई," त्या म्हणाल्या. "पेरूखाली काय पुरलंयस, तेवढं सांग. मी गुमान काढून आणते आन् सापडली म्हणून सांगते. तुझं नाव न्हाई येऊ द्यायची."

बनूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती चुलीजवळ खाली बसली, काळे हात मांडीत उलटे टाकून.

"ते नका काढू, जाऊबाई," ती म्हणाली. "ते काढायचं न्हाई."

भामाबाईंना कळायला एक श्वास लागला. मग चुलीमागं झाकून ठेवलेलं पितळी भांडं त्यांनी ओढलं, झाकण काढलं. तांबडाजर्द काढा. बुडाशी पिळून काढलेली बाभळीची साल. रक्त थांबत नाही तेव्हा देतात तो काढा. सासूबाईंनीच दोघींना शिकवला होता.

"सगळं गेलं का?"

"व्हय. पर थांबत न्हाई अजून. रोज साल उकळते, हातानं पिळते, पिते." तिनं हात पाहिले. "ह्येला बी पाणी धरंल, ह्ये ध्यानातच आलं न्हाई."

"आगं, मग बोललीस का न्हाई? चार दिस?"

"काय बोलू? उद्या देवक बसायचंय. बसलं की मग काय बी झालं तरी लगीन थांबत न्हाई. त्येच्या आधी कळलं तर सुवेर-सुतक म्हणतील. आष्ट्याची मानसं अपशकुन म्हणतील. वन्संच्या कानावर गेलं की तारीख मोडलीच म्हणायची. साळूनं पिवळं लुगडं किती येळा नेसून बघितलंय, जाऊबाई... मला दावाय आली हुती, त्याच दिशी."

"आन् नाथाजी भावजी?"

"ते लढाईवर जाणार. ह्ये संगं घिऊन जाऊ द्यात का?"

भामाबाई उठल्या. फळीवरचं कागदी लिंबू घेतलं, कापलं आणि बनूचे हात पुढ्यात घेऊन चोळायला लागल्या. लिंबाला हा काळेपणा भितो, हे दातवणाची बोटं साफ करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक. रेषारेषांतून तो ओघळत गेला. त्या एकेक बोट निरखून पुसत होत्या, लहान मुलीचं पुसावं तसं, आणि मनात मात्र हिशेब मांडत होत्या. खरं सांगावं तर बनू सुटते आणि साळू अडकते. गप्प बसावं तर साळूच्या अक्षता पडतात, आणि ही पोर जन्मभर चोर म्हणून या घरात भाकरी थापते. पोटच्या पोरीसाठी आपण काय काय गिळू शकतो, याची त्यांना त्या घडीला स्वतःचीच शंका आली.

आणि मग नवऱ्याचा पडलेला चेहरा आठवला. नानासोंचे हात परातीत गेलेच नव्हते. कुणी घाला म्हणालंही नव्हतं. बारमाही हिरड्यात वावरणारा माणूस, त्याचा हात काळाच निघणार. मग त्याला विचारायचं तरी काय?

"तू हितंच बस," त्या म्हणाल्या, आणि काढ्याचं भांडं उचललं.

सोप्यात कुणीच हललं नव्हतं. भामाबाईंनी भांडं परातीशेजारी ठेवलं, थोडा काढा उजव्या तळव्यावर ओतून घेतला आणि कुणी काही विचारायच्या आत हात पाण्यात घातला. वर काढला तेव्हा तो बनूच्या हातापेक्षा काळा होता.

"घ्या. आता मला बी बांधा."

"काय हाय ते?" नाथाजी पुढं झाला.

"बाभळीचा काढा. माझी दाढ दुखती चार दिस. बनू साल पिळून देती मला. मघाशी तिला भ्यानं सुचलं न्हाई सांगाय, आन् मला आठवलं न्हाई."

"दाढ?" मनुबाईंनी मान वाकडी केली. "काल तर फुटाणं खात हुतासा कडाकडा."

"दुसऱ्या अंगानं."

आणि ते बोलणं तिथंच सोडून भामाबाई अंगणात उतरल्या. एका अंगानं उसवलेलं रिकामं पोतं तसंच पडलं होतं. ते त्यांनी आणलं आणि तोंडाची न उसवलेली बाजू नवऱ्यासमोर धरली.

"आवं," त्या म्हणाल्या, डाळीत मीठ झालंय का विचारावं अशा आवाजात, "माळ ठिवल्यावर ह्येचं तोंड मी शिवलं हुतं. मला वाकळंचाच टाका येतो. लांब, आडवा. ह्यो टाका तसा हाय का? ह्येच्या दोन्ही कोपऱ्यांचं कान बांधल्यात. बाजारात माल जायचा असला की बांधत्यात तसं."

नानासोंनी पोत्याकडे पाहिलं नाही.

"चोर आला, माळ घेतली, आन् बसून कान बांधून शिवून गेला. आपल्या घरात असं शिवणारं कोण हाय वं?"

नाथाजीला तेवढं पुरलं. लहानपणी वखारीत दाभण धरायला त्याला थोरल्या भावानंच शिकवलं होतं, आणि कान बांधता आले नाहीत म्हणून पाठीत धपाटाही घातला होता.

"दादा," तो म्हणाला. "तुझं हात परातीत न्हाई गेलं."

"माझं काय घालायचं? माझं बारमाही काळंच."

"म्हणूनच."

मग नानासो बहिणीकडे बघत म्हणाले, "आष्ट्याचा सांगावा आला, पोरीच्या हातात पाटल्या पायजेत. ह्याच आक्कानं आणला. आता पाटल्या आणू कुठनं? माळ सातारच्या सोनाराकडं दिली. मोडली त्यानं. सुगी झाली की दुसरी करून देनार हुतो, आईची आण. कुणाला कळायच्या आत."

मनुबाईंनी पदर सारखा केला. "मी निस्ता निरोप आणला," त्या पुटपुटल्या. "मला काय ठावं कशातनं करनार ते!"

"आन् हिचं हात काळं झालं तवा?" नाथाजीचा आवाज चढला. "तुला तर ठाऊक हुतं माळ कुठं हाय! तवा का न्हाई बोललास?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मी घेतल्याली मला ठाऊक," नानासो खाली बघत म्हणाले, "तरी बी वाटलं, हिनं बी काय तरी घेतलं असंल."

यावर नाथाजीनं भावाच्या अंगावर हात टाकला असता तर भामाबाईंना हलकं वाटलं असतं. पण त्यानं बूट ओढले आणि पाय घालायला लागला.

"केरबा! गाडी जुंप रं. बनू, चल, ऊठ. तुला म्हायेरला सोडतो आन् तसाच टेसनावर जातो. ह्या घरचं लगीन ह्या घराला लखलाभ."

बनू दारात आली होती. चौकट धरून उभी. तिचं माहेर तीन कोसांवर, वाट सगळी खाचखळग्यांची. गाडीचा एकेक दणका भामाबाईंना आपल्या कमरेत बसल्यासारखा वाटला.

"मी न्हाई येत," बनू म्हणाली.

"काय?"

"लगीन हुईस्तोवर न्हाई येत. साळूचं काय चुकलं?"

"तुला चोर केलं ह्यांनी! आन् तू साळू साळू करतीस?" नाथाजी थांबला. बुटाची नाडी त्याच्या हातात तशीच राहिली. "का? काय हाय हितं तुझं?"

"बघा," मनुबाईंना पुन्हा पाय ठेवायला जागा मिळाली. "दादाचं झालं ते झालं. पर कायतरी हायच आत. नवरा न्हेतो म्हनतोय आन् ही हलंना. आन् वैनी, तुमी बी! दाढ दुखती तर काढा असा गार का करता? भरा की चुळा. आमच्यासमूर भरा."

भामाबाईंनी भांडं उचललं. सगळे पाहत होते: नणंद, नवरा, दीर, अंगणातून केरबा. त्यांनी घोट तोंडात घेतला आणि गालात खुळखुळवला. बाभळीचा रस असा काही होता की जीभ टाळूला चिकटली, हिरड्या आत ओढल्या गेल्या, घशापर्यंत सगळं आवळून आलं. ओसरीच्या कडेला जाऊन त्यांनी चूळ टाकली आणि वळल्या, तर समोर नाथाजी.

"वैनी," त्यानं हळूच विचारलं, "कुठली दाढ?"

त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण आवळलेल्या जिभेतून शब्द फुटेना. डाव्या गालावर बोट ठेवलं. मग कसं कोण जाणे, ते बोट सरकून उजव्या गालावर गेलं.

नाथाजीनं ते बोट पाहिलं. भांड्यातला तांबडा काढा पाहिला. मग दारातल्या बायकोकडे पाहिलं. तिचा एक हात चौकटीवर होता आणि दुसरा पोटावर, रिकाम्या जागेवर ठेवावा तसा. त्याच्या तोंडावरून काय काय गेलं ते भामाबाईंनी पाहिलं, आणि पुढं कधी कुणाला सांगितलं नाही.

"केरबा," तो म्हणाला, "सोड बैलं."

"आता का रं?" मनुबाईंनी विचारलं. "मघाशी तर निघाला हुतास!"

"बनू, आत जाऊन पड," नाथाजी म्हणाला. "उद्या देवकाच्या गडबडीत हिला कुणी उठवायचं न्हाई. उभ्यानं चक्कर येती तिला. मी सांगतो म्हणून." आणि तो बूट काढायला खाली बसला. नाडीची गाठ त्याला लवकर सुटेना.

मनुबाईंनी एकदा भावाकडे, एकदा वहिनीकडे, एकदा बंद होणाऱ्या दाराकडे पाहिलं. संशय कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. शेवटी तो भामाबाईंवर आणून ठेवला.

"बरं वाटतंय का मग, दाढंला?"

भामाबाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या चुळीसाठी भांडं तोंडाला लावलं. घोट मात्र त्यांनी अगदी लहान घेतला. उरलेला काढा आत पोचवायचा होता.